खोलीत ऐकू येईल ते सगळं

दुभाषी बाई बरोब्बर चार वाजता आल्या आणि घराची पहिली चूक दारातच झाली. थोरलीनं त्यांना कोचावर, बहिऱ्या आत्याच्या शेजारी बसवलं.

"इथं बसून चालायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी त्यांना समोरून दिसायला हवी." आणि उठून त्या आप्पांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर जाऊन बसल्यासुद्धा. ती खुर्ची थोरलीची. थोरली या घरात आप्पांची मोठी सून म्हणून आली त्याला छत्तीस वर्षं झाली. ती खुर्ची मिळायला त्यातली सोळा गेली होती.

"तो पडदा ओढता का जरा? पाठीमागून उजेड आला की माझे हात त्यांना काळे दिसतात."

"काळे कुठले, चांगले गोरेपान आहेत की," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे आप्पांचा शेंडेफळ मुलगा, विमा विकायचा. कुठल्याही खोलीत पहिला विनोद आपण करायचा, हा त्याच्या धंद्याचा नियम होता.

बाईंचे हात हलले. कोचावर आत्यानं ते पाहिले, मग सावकाश मान वळवून धाकट्या भावाकडे पाहिलं.

"काय सांगितलंत तिला?"

"तुम्ही म्हणालात ते."

"अहो, ते मी सहज..."

"खोलीत ऐकू येईल ते सगळं मी त्यांना सांगते," बाई म्हणाल्या, आणि हेही हातांनी सांगत राहिल्या. "त्या म्हणतील ते सगळं तुम्हाला सांगते. पदरचं घालत नाही, काही गाळत नाही. फक्त एका वेळी एकानं बोला."

"तेवढंच जमायचं नाही," थोरलीची सून हळूच म्हणाली. तेही गेलं. आत्या हसली.

तिकिटाच्या मागे छापलेल्या अटी आपण जशा मान्य करतो, तशा घरानं या अटी मान्य केल्या. परमेश्वर सगळ्यांचं ऐकतो असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे. पण ऐकलेलं तो एकमेकांना सांगत नाही, म्हणून घरं टिकतात. बाईंच्या कामात तेवढी एक सवलत नव्हती.

बैठक होती चिमीसाठी. चिमी चार वर्षांची. घड्याळजी आणि सुनेची एकुलती एक, थोरलीची नात. आत्यासारखीच जन्मापासून बहिरी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा होती, तिथे सगळं शिकवणं सांकेतिक भाषेत चालायचं. लहानांच्या वर्गात एक जागा रिकामी झाली होती आणि आज सहा वाजेपर्यंत फॉर्म कचेरीत पोचायला हवा होता. आईची सही झाली होती. वडिलांच्या सहीच्या जागी टिंबांची रेघ तशीच होती, आणि वडील म्हणजे घड्याळजी, थोरलीचा मुलगा, सकाळपासून पेन खिशात घालून फिरत होता. आज घड्याळांच्या दुकानाला सुट्टी, म्हणून निसटायलाही जागा नव्हती.

"मी काय म्हणते," थोरलीनं सुरुवात केली, "शाळेला माझा विरोध नाही. पण शाळेत पोर बोलायला शिकली पाहिजे. हातवारे काय, ते घरातही शिकली असती."

घरात हातवारे होते हे खरं. एकूण अकरा. जेव, ये, झोप, पुरे, गरम, पाहुणे, औषध, किल्ली, दार, पाऊस आणि नको. थोरलीच्या सासूनं ते बसवले आणि थोरली घरात येताच तिच्या हवाली केले. या अकरांच्या बळावर तिनं छत्तीस वर्षं आत्याचं सगळं म्हणणं घराला सांगितलं होतं. आत्यानं पाच मिनिटं हात हलवले, चेहरा लाल केला, की थोरली सांगायची, "वन्सं म्हणतात, चालेल." पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली जागा पत्करली तेव्हा वन्सं चालेल म्हणाल्या. माळ्यावरची खोली दिली तेव्हाही चालेल म्हणाल्या. इतक्या समजूतदार बाईला एक वेगळी भाषा कशाला हवी, हा थोरलीचा प्रश्न मनापासून होता.

आणि भाषा तरी कसली? गेल्या वर्षी सरकारनं तिला देशाची सांकेतिक भाषा म्हणून मान्यता दिली. शिक्का बसला, कोश निघाला, बातम्यांच्या कोपऱ्यात एक बाई दिसू लागली. त्याआधी बहिरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपसांत जे बोलत होती ते काय होतं, याचा खुलासा राजपत्रात नव्हता. त्याच भाषेत आत्या चाळीस वर्षं दर रविवारी आपल्या बहिऱ्यांच्या मंडळात जाऊन बोलत आली होती. घरी म्हणायचे, "आत्या मंडळात बसायला जाते."

"वन्संचंच बघा ना," थोरली पुढे म्हणाली. "कुठं अडलं त्यांचं? नोकरी झाली, मान आहे घरात."

आत्यानं हात उचलले. आणि बाईंच्या तोंडून, पंचविशीच्या कोवळ्या आवाजात आलं, "मी या घरात छप्पन्न वर्षं आहे."

"तुम्ही?" थोरली थक्क झाली. "तुम्ही तर आत्ता चार वाजता आलात."

"आई, ते आत्या बोलतेय," सून म्हणाली.

"मग 'मी' काय म्हणतात? 'ती म्हणते' म्हणावं. मी नेहमी तसंच सांगते."

"मला माहीत आहे तुम्ही कसं सांगता," बाई म्हणाल्या.

"बघा, उलट बोलतात! एका तासासाठी आलेल्या बाईनं..."

"तेही आत्याच बोलतेय, आई."

थोरलीनं आत्याकडे पाहिलं. आत्याचे हात मांडीवर परत येत होते. छत्तीस वर्षांत नणंदेनं आपल्याला कधी एक टोमणा मारला नव्हता, याचा थोरलीला केवढा अभिमान. तो पहिला टोमणा हा असा, परक्या पोरीच्या गोड आवाजात येऊन बसला आणि त्याला उत्तर कुणाला द्यायचं तेच कळेना. तिनं बाईंकडे बघून तोंड उघडलं, मग आत्याकडे, आणि शेवटी समोरच्या भिंतीला सांगितलं, "मी चांगल्यासाठीच करत आले."

धाकट्यानं खुर्ची थोरलीकडे सरकवली. मघापर्यंत तो तिच्या बाजूचा होता. फोनवर दोघांचं ठरलंच होतं. तो खाली वाकून कुजबुजला, "वहिनी, तुम्ही आत्याच्या नादी लागू नका. तिला काय, नवं खेळणं मिळालंय. पुतण्याला धरा. तो कच्चा आहे."

बाईंचे हात शांतपणे चालू होते.

"अहो!" धाकटा ओरडला. "हे कुजबुजत होतो मी."

"मला ऐकू आलं."

"काका," घड्याळजी म्हणाला, "मलाही आलं."

धाकट्यानं खुर्ची पुन्हा होती तिथे नेली. दहा मिनिटांनी ती सुनेच्या बाजूला दिसू लागली आणि "मी पहिल्यापासून म्हणतोय, काळाबरोबर चाललं पाहिजे," असं तो म्हणाला, तेव्हा तेही बाईंनी इमानेइतबारे आत्याला सांगितलं.

थोरलीला एकटं पडणं ठाऊक नव्हतं. तिनं हुकमाचं पान काढलं. "चिमे, ये इकडे. दाखव सगळ्यांना."

चिमी आत्याच्या पायाशी बसली होती; जन्मापासून तिच्याच हातांकडे बघत ती वाढली होती. आजीनं हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं तेव्हा काय करायचं हे तिला पाठ होतं. सहा महिने ती रोज आरशासमोर बसत होती. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची आणि पट्टी उडेल अशी फुंकर घालून शब्द काढायचा.

"प्हाणी," चिमी म्हणाली.

"ऐकलंत?" थोरलीच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. या माउलीनं त्या एका शब्दासाठी किती दुपारी त्या आरशासमोर घालवल्या होत्या ते देवालाच ठाऊक. "पाणी म्हणाली. स्पष्ट! आप्पा, ऐकलंत ना? अहो, कुणीतरी पाणी आणा पोरीला."

धाकट्यानं पेला आणला. चिमीनं तो दोन्ही हातांनी धरून संपवला, परत दिला आणि आत्याकडे वळून इवल्या बोटांनी भराभरा काहीतरी म्हणाली.

बाईंनी एक श्वास घेतला. "मला पाणी नको होतं. मी तसं म्हटलं की सगळे पाणी देतात. संपवलं नाही तर आजी पुन्हा म्हणायला लावते. मग मला सारखी शू लागते. आत्तापण लागलीये."

मग सून मुलीला उचलून आत गेली, आणि धाकटा हसला, आणि हसू नये हे लक्षात येऊन खोकला.

घड्याळजी हसला नाही. तो विचार करत होता की आपल्या मुलीचं एक सबंध वाक्य आपण आज पहिल्यांदा ऐकलं. एक नाही, पाच. एकाला लागून एक, कारण आणि परिणाम लावून, दात्यात दाता बसावा तशी. चार वर्षं तो समजत होता की आत अजून काही सुरू झालेलं नाही, चावी द्यायची आहे. आत सगळं चालू होतं. फक्त तबकडीचं तोंड त्याच्याकडे नव्हतं.

तरी त्याचा हात खिशाकडे गेला नाही.

"आत्या," तो म्हणाला, आणि बाईंकडे नाही, आत्याकडे बघायचं असतं हे त्याला आपोआप कळलं. "मी सही केली की ती रोज तिकडे जाणार. तिचं सगळं त्या भाषेत होणार. रागावणं, भांडणं, सगळं. मला ती भाषा येत नाही. मग ती आमची कशी राहील?"

"शीक," आत्या म्हणाली. "तुझी बायको तीन महिने वर्गाला येते. अर्धं चुकतं तिचं. चिमी दुरुस्त करते."

"माझे हात नाही गं वळायचे तसे."

आत्यानं त्याच्या हातांकडे पाहिलं. राईच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्यात धरून बसवणारे हात, ज्यांच्यासाठी दुसऱ्या गावाहून माणसं घड्याळं घेऊन यायची. त्यालाच ते हात कुठे ठेवावेत कळेना.

"तिला तुमची ठेवायची आहे," आत्या म्हणाली. "मला ठेवलीत तशी?"

"म्हणजे काय, वन्सं?" थोरली या वेळी बरोबर माणसाशी बोलली. "तुम्हाला काय कमी केलं?"

"काही नाही. मला साखर कमी लागते हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या चपलेचं माप माहीत आहे. आजारी पडले तर तुम्ही उशाशी बसता, ते मी विसरत नाही. पण मला एकच सांगा. छप्पन्न वर्षांत मी तुम्हाला काय सांगितलं? केलं ते नको. मी सांगितलेली, तुम्हाला आठवणारी, एक गोष्ट सांगा. कुणीही."

थोरलीनं तोंड उघडलं. 'चालेल' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता, पण आज पहिल्यांदाच तिला तो गिळावासा वाटला.

धाकट्यानं आठवून पाहिलं. लहानपणी आत्यानं त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, पतंग जोडून दिला होता, बापाच्या मारातून ओढून काढलं होतं. सांगितलेलं काही सापडेना. "तू... तू एकदा म्हणाली होतीस..." त्यानं सुरुवात केली आणि त्याचं वाक्य अर्धवटच राहिलं. सून दारात चिमीला घेऊन उभी होती. तिला आठवत होतं ते सगळं या तीन महिन्यांतलं.

"मला एक सांगितलं होतं," आप्पा म्हणाले.

सगळे वळले. आप्पा चौऱ्याऐंशीचे, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आजकाल बैठकीत त्यांचं असणं पुरेसं असे, बोलण्याची अपेक्षा कुणी करत नसे.

"सात वर्षांची होती. शाळेतून पहिल्या सुट्टीला आली. हिची शाळा म्हणजे जुनी, निवासी. तिथे हात हलवायला बंदी. हात चालले की जीभ चालायची नाही असं तेव्हाचे शिक्षक सांगत, आणि आम्हाला ते पटायचं. शिकलेली माणसं होती." आप्पा थांबले. बाईंचे हातही थांबले आणि वाट पाहत राहिले. "ही घरी आली आणि मला ओढत ओसरीत घेऊन गेली. अशी मूठ वर धरली आणि उघडली. दिवा. मग खाटा दाखवल्या, ओळीनं. मग दहा बोटं, नुसती हलणारी. मला लगेच समजलं हो. झोपायच्या खोलीत दिवा रात्रभर जळतो, आणि पोरी उठून त्याच्या उजेडात बोलत बसतात. इतकी खूश होती सांगताना."

"मग?" घड्याळजी म्हणाला.

"मग काय. मी हेडमास्तरांना पोस्टकार्ड टाकलं. आपल्याकडे मुली रात्री हातवारे करतात, तरी दिवा काढावा. त्यांचं उत्तर आलं, आभारी आहोत, दिवा काढला." आप्पांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. "हिला बोलता यावं म्हणून केलं. हिनं सांगितलेली एवढी एकच गोष्ट मला समजली. आणि ती मी पोचवली."

बाईंचे हात शेवटच्या वाक्यापाशी किंचित रेंगाळले, पण त्यांनी गाळलं काही नाही.

आत्यानं आप्पांकडे पाहिलं. आप्पांना वाटलं, ती रागावेल. रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"सुट्टीनंतर गेले तर दिवा नव्हता," बाईंच्या तोंडून आलं. आता आवाज परका वाटत नव्हता. "सगळ्या पोरी विचारत होत्या, कुणी सांगितलं? मी म्हटलं, शेजारच्या खाटेवरचीनं. तिची आई शाळेतच स्वयंपाकाला होती, तिनंच आईला सांगितलं असणार. मी इतक्या खात्रीनं म्हटलं की सगळ्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं. आमच्यात बघणं सोडलं की बोलणं संपतं. ती समोर येऊन हात हलवत राहायची, मी डोळे मिटून घ्यायची. बाकीच्यांनी महिन्यादीड महिन्यात सोडून दिलं. मी नाही. मंडळात अजून समोर आली तर मी खिडकीबाहेर बघते. एकोणपन्नास वर्षं."

"कोण हो ती?" थोरलीच्या तोंडून गेलं.

"चिमीच्या शाळेची मुख्याध्यापिका."

घड्याळजीनं खिशातून पेन काढलं. टेबलावर फॉर्म होता. त्यानं टिंबांच्या रेघेवर सही केली. रोज पावत्यांवर करतो तशी घाईची नाही, सबंध नाव लिहून. थोरली बघत होती. ती नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "डब्याबरोबर पाण्याची बाटली देऊ नका तिला भरमसाट." हेही आत्याला कळलं, आणि आत्यानं वहिनीकडे बघून मान हलवली.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "माझी वेळ झाली. मला पुढे दवाखान्यात जायचंय, एकाचं ऑपरेशन आहे." त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि त्या गेल्या. थोरली दारापर्यंत गेली आणि सवयीनं म्हणाली, "पुन्हा या." मग जरा विचारात पडली.

सव्वापाच झाले होते. सून म्हणाली, "मी पळते, बस मिळायला हवी."

आत्यानं तिच्या हातून फॉर्म काढून घेतला. छातीवर हात ठेवला, दाराकडे बोट केलं. याला भाषांतर लागलं नाही. ती आत जाऊन तोंड धुऊन आली, कारखान्यातल्या निरोपसमारंभात नेसली होती ती साडी नेसून आली. फॉर्म तिनं दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कडा जुळवल्या, जन्मभर कागद हाताळलेल्या माणसासारख्या. तिच्याबरोबर निघायचं म्हणून सून चिमीला घेऊन बूट घालायला खाली गेली.

दारात आत्या वळली. आप्पांकडे बघून तिनं हात उचलले. उजवा तळवा छातीपाशी, मग तो पुढे आला, उलटा झाला. डाव्या हाताची दोन बोटं त्याच्यावर टेकली आणि दूर गेली. चेहऱ्यावर काय होतं ते उजेड पाठीमागून असल्यामुळे दिसलं नाही. मग ती जिना उतरून गेली.

"काय म्हणाली?" आप्पांनी विचारलं.

खोलीत आप्पांखेरीज तिघं होती. थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं, धाकट्यानं घड्याळजीकडे. अकरांपैकी ते नव्हतं.

"अरे, काय म्हणाली ती? शिवी दिली का? माफ केलं का? का येताना काही आणू म्हणाली? सांगा ना कुणीतरी!"

"आप्पा, तुमची नातसून येऊ दे, सात वाजेपर्यंत येईल," घड्याळजी म्हणाला. "तिला विचारू."

"तिनं कुठं पाहिलं? ती खाली होती."

आप्पांनी गुडघ्यावरची शाल बाजूला सारली. उजवा तळवा छातीपाशी नेला, पुढे आणला, उलटा केला. डाव्या हाताची दोन बोटं त्यावर टेकवली. थांबले. चुकलंसं वाटलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तळवा, पुढे, उलटा, दोन बोटं. तळवा, पुढे, उलटा.

"आप्पा, दमाल," थोरली जवळ येऊन म्हणाली. "मी काय म्हणते, चहा..."

"बोलू नका कुणी," आप्पा हातांवरची नजर न काढता म्हणाले. "मध्ये बोललात की विसरतो मी. सात वाजेपर्यंत धरून ठेवायचंय."